नुसते ओठ हलवणारी मुले

प्रवेशाचे दिवस आले की शाळा पाहायला येणाऱ्या पालकांसाठी सभागृहात टेबले मांडली जातात, आणि त्यांतल्या एका टेबलामागे मी बरीच वर्षे बसत आले आहे. माझ्या टेबलावरच्या पाटीवर ‘एन्रिचमेंट’ असे लिहिलेले असते. संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण, ग्रंथालय, संगणक, एखादी परकी भाषा, नाट्य, कुठे लॅटिन तर कुठे हातघंट्यांचे वादन, असे सगळे त्या एका शब्दाखाली गोळा केलेले असते. मराठीत यांना पूरक विषय म्हणतात; मला तो शब्द फारसा आवडत नाही, कारण पूरक म्हटले की खरे शिक्षण दुसरीकडे कुठेतरी चालू आहे आणि हे त्याला मागाहून लावलेले अस्तर आहे असे वाटू लागते. पालक टेबलापाशी येतात आणि चांगले प्रश्न विचारतात: कोणकोणती वाद्ये शिकवता, स्पर्धांना मुले पाठवता का, नाताळचा कार्यक्रम केवढा असतो. ज्या मुलाला गाता येत नाही त्याचे या तासाला तुम्ही काय करता, हा प्रश्न मात्र इतक्या वर्षांत मला फक्त दोनदा विचारला गेला, आणि त्यांपैकी पहिल्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्याविषयी नेहमी घोटाळा होतो. ख्रिस्ती शाळेत बायबलचा वर्ग आणि उपासना या गोष्टी सहसा पूरक विषयांत मोडत नाहीत. त्या शाळेच्या गाभ्याचा भाग मानल्या जातात आणि वेळापत्रकात त्यांची जागा आधी ठरते. पूरक विषय त्यांच्यानंतर, भाषा-गणित-विज्ञान यांच्याही नंतर बसवले जातात. त्यामागचे व्यावहारिक कारण माहितीपत्रकात कधी छापलेले नसते. प्राथमिक वर्गांत एकच शिक्षिका दिवसभर मुलांबरोबर असते, आणि तिला वह्या तपासायला, पुढचे पाठ तयार करायला जी मोकळी तासिका लागते, ती मुले संगीताला किंवा खेळाला गेल्यावरच मिळते. म्हणजे आमच्या तासिका मुलांच्या कलेने जेवढ्या ठरतात, तेवढ्याच वर्गशिक्षिकांच्या सोयीनेही ठरतात. मला याचा राग नाही. पण ज्या तासाचा जन्मच दुसऱ्याच्या मोकळ्या वेळेसाठी झाला, त्या तासाकडे हळूहळू सगळेच मोकळा तास म्हणून पाहू लागतात, हे मी जवळून पाहिले आहे.

वास्तविक ख्रिस्ती शाळांच्या इतिहासात गायन हे जोडकाम कधीच नव्हते. मुलांना गाता आल्याशिवाय उपासना होत नसे, म्हणून गायन शिकवावेच लागे, आणि शिकवावेच लागे म्हणून ते लवकर कसे शिकवता येईल याचा विचार झाला. अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्विदो नावाच्या साधूसमोर हीच अडचण होती. गायक मुले वर्षानुवर्षे पाठ करत, तरी नवे गाणे समोर आले की अडत. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या एका लॅटिन स्तोत्राच्या पहिल्या सहा ओळींतली प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते, हे हेरून त्याने त्या ओळींची आद्याक्षरे घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. जे दहा वर्षांत जेमतेम साधत असे ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत साधते, असे त्याने आपल्या एका साधूमित्राला पत्रात कळवले आहे. पत्रातला आनंद एखाद्या मास्तरालाच कळावा असा आहे.

पुढे आठ शतकांनी इंग्लंडमध्ये सारा ग्लव्हर या शिक्षिकेने रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी तीच अक्षरे पुन्हा हाताशी धरली (तोवर ‘उत’चे ‘दो’ झाले होते आणि सातवा स्वर ‘सी’ जोडला गेला होता) आणि ‘सी’चे ‘टी’ केले, म्हणजे सातही स्वरांची आद्याक्षरे वेगळी झाली. जॉन कर्वेन या पाळकाला १८४१ साली रविवारच्या शाळांच्या एका परिषदेत गायन शिकवण्याची सोपी पद्धत शोधण्याचे काम सांगण्यात आले. त्याला स्वतःला कागदावरून गाता येत नव्हते, आणि माझ्या मते हीच त्याची मोठी पात्रता ठरली. त्याने ग्लव्हरबाईंची पद्धत उचलली, बदलली आणि ‘टॉनिक सोल-फा’ या नावाने पसरवली. या पद्धतीला पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या पाच रेघा लागत नाहीत. साधी अक्षरे, उभ्या रेघा आणि टिंबे पुरतात, त्यामुळे कोणत्याही साध्या छापखान्यात गाणे छापता येई. मिशनऱ्यांबरोबर ती दक्षिण आफ्रिकेपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत गेली, आणि ज्यांच्या घरात वाद्य नव्हते, शिकवणी नव्हती, अशी माणसे चार आवाजांत गाऊ लागली.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. तिच्यातला ‘दो’ पेटीच्या एकाच पट्टीवर खिळलेला नसतो. गाणाऱ्याने जिथे षड्ज धरला तिथे ‘दो’. बिलावल थाटाचे स्वर ज्याला म्हणता येतात त्याला ‘दो रे मी’ निम्मे येतेच. मी वर्गात हातखुणाही वापरते. ‘दो’साठी कमरेपाशी मूठ, ‘मी’साठी आडवा तळहात, ‘फा’साठी खाली वळवलेला अंगठा, ‘टी’साठी वर रोखलेले बोट. ‘मी’ आणि ‘फा’ यांच्यात अंतर कमी आहे हे तोंडाने कितीदा सांगितले तरी मुले ‘फा’ चढाच लावतात. पण अंगठा खाली वळवला की आवाजही आपोआप खाली बसतो. असे का होते हे मला नेमके सांगता येणार नाही, पण होते.

चार आवाजांतले स्तोत्र वर्गात उभे करताना खरी कसोटी लागते ती आल्टोची, म्हणजे वरच्या चालीच्या खालच्या आवाजाची. वरची चाल गोड असते, ती सर्वांना आधीच पाठ असते. आल्टोला मात्र कधीकधी अख्खी ओळ एकाच स्वरावर काढावी लागते, वर-खाली काहीच नाही, आणि शेजारची मैत्रीण चाल गाऊ लागली की आल्टोवाली मुलगी न कळत तिला जाऊन चिकटते. मग ती एका कानात बोट घालते. दहा वर्षांची मुलगी डोळे मिटून, एका कानात बोट घालून, कपाळाला आठी घालून एकच स्वर धरून उभी आहे, आणि तिच्या भोवती बाकीचे तीन आवाज हलत आहेत. ज्या दिवशी ती ते बोट काढते आणि तरीही तिचा स्वर ढळत नाही, त्या दिवशी ती काय शिकली ते कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिता येत नाही. तिला दुसऱ्याचे ऐकू येत असते आणि स्वतःचेही सुटत नसते. या जागी मुलांना आणायला मला साधारण दीड वर्ष लागते, आधी एकच चाल मागेपुढे सुरू करून गाण्याचा सराव करावा लागतो, आणि आठवड्याला एकच तासिका असेल तर हे होत नाही. दोन असाव्या लागतात. हा माझा अनुभव आहे आणि याबाबत मी तडजोड करायला तयार नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२४ साली जर्मन शहरांच्या नगरसभासदांना ख्रिस्ती शाळा काढण्याविषयी एक जाहीर पत्र लिहिले. मला मुले असती तर त्यांना केवळ भाषा आणि इतिहास नव्हे, तर गायन, वाद्यसंगीत आणि सगळे गणितही शिकवले असते, असा त्यातल्या एका वाक्याचा आशय आहे. त्या वेळी लूथरचे लग्नही झालेले नव्हते, तेव्हा मुलांच्या शिक्षणाविषयीची ही खात्री बिनघोर माणसाची म्हणावी लागेल. पण गायन आणि गणित त्याने एकाच दमात सांगितले, हे मी वेळापत्रकाच्या बैठकीत एकदा तरी ऐकवते.

गायन आणि अभ्यास यांच्यातली ओढाताण मात्र आजची नाही. जर्मनीतल्या लायप्झिगच्या सेंट थॉमस शाळेत थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत गायनशिक्षक होता. लॅटिन शिकवणेही त्याच्या नोकरीत होते. ते काम त्याने पदरचे पैसे देऊन सहकाऱ्यावर सोपवले. पुढे एर्नेस्टी नावाचा तरुण, विद्वान मुख्याध्यापक आला. त्याला शाळा अभ्यासाची करायची होती. गायकमुलांचा प्रमुख कोणी नेमायचा यावरून १७३६ पासून दोघांचे जे वाजले ते मिटता मिटले नाही. सराव करणाऱ्या मुलाला हा मुख्याध्यापक, ‘गुत्त्यात सारंगी वाजवायची आहे का तुला?’ अशा अर्थाचे विचारत असे, असे नंतरच्या काळात नोंदवले गेले आहे. परीक्षा जवळ आली की गणितासाठी माझा तास मागायला येणारे सहकारी इतके उर्मट नसतात. ते हसून मागतात. पण मागतात.

बाखची बाजू घेताना मला नेहमी अडखळायला होते ते त्याच्याच एका कागदापाशी. ऑगस्ट १७३० मध्ये त्याने नगरसभेला एक निवेदन दिले. चर्चमधले संगीत नीट व्हायचे तर एकेका गायनवृंदात निदान बारा, खरे तर सोळा गायक हवेत, असा हिशेब त्यात आहे, आणि शेवटी शाळेतल्या मुलांची वर्गवारी आहे: उपयोगी १७, अजून तयार न झालेले २०, आणि निरुपयोगी १७. रविवारी एकाच वेळी अनेक चर्चना गायक पुरवायचे असताना मास्तराने असा हिशेब मांडावा हे मला समजते. तरीही त्या शेवटच्या सतरा मुलांना पुढच्या सोमवारी गाण्याच्या तासाला काय मिळाले असेल, हा विचार मनातून जात नाही.

जात नाही, कारण तशी यादी मीही केली आहे, फक्त कागदावर उतरवली नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी मी तेरा वर्षांच्या एका मुलाला बाजूला घेऊन सांगितले, ‘तू उभा राहा, पण नुसते ओठ हलव.’ त्याचा आवाज फुटत होता. वरचे स्वर गेले होते, खालचे अजून आले नव्हते, आणि मधल्या चार-पाच स्वरांपलीकडे गेला की आवाज चिरत असे. तो बरं म्हणाला. कार्यक्रमात त्याने इतके चोख ओठ हलवले की त्याच्या आईने नंतर मला त्याच्या आवाजाबद्दल विचारले. पुढच्या सत्रात तो गाण्याच्या तासाला ग्रंथालयात बसण्याची परवानगी मागायला आला आणि मी ती दिली. त्याच्यासाठी त्याच चार-पाच स्वरांची वेगळी ओळ लिहून देता आली असती. आज मी प्रत्येक गाण्यात अशी एक ओळ लिहितेच. लिहायला दहा मिनिटे लागतात. तेव्हा मला ते माहीत नव्हते, आणि कार्यक्रम तोंडावर आला होता.

ख्रिस्ती शाळेत कार्यक्रम नेहमीच तोंडावर आलेला असतो. नाताळ, ईस्टर, सुगीचा उपकारस्तुतीचा रविवार, पदवीदान. उपासनेत गायचे म्हणजे बरे गायले पाहिजे, देवापुढे भिकार गाणे कसे चालेल, असा एक युक्तिवाद असतो आणि तो वरवरचा नाही. पण त्याच उपासनेत, प्रत्येक मूल देवाच्या प्रतिरूपात घडवलेले आहे, असेही आपण मुलांना शिकवतो. या दोन वाक्यांची गाठ ऑक्टोबरात पडते, आणि सहसा पहिले वाक्य जिंकते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात संगीताचा अभ्यासक्रम म्हणजे तीन गाणी एवढेच उरते, चांगली मुले पुढच्या रांगेत येतात, बाकीची नाताळच्या देखाव्यातल्या मेंढपाळांच्या घोळक्यात उभी केली जातात, आणि जानेवारीत मी फळ्यासमोर उभी राहून ‘मी’-‘फा’पासून पुन्हा सुरुवात करते. गेली काही वर्षे मी कार्यक्रमातली गाणी तीनावरून दोनांवर आणली आहेत, आणि त्यांतले एक संपूर्ण वर्ग गातो, कोणालाही न वगळता. ते ऐकायला तितकेसे बरे लागत नाही.

हा फक्त संगीताचा प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. खेळाच्या तासाला संघ निवडताना शेवटी उरणारा मुलगा आणि ओठ हलवणारा मुलगा यांच्यात फारसा फरक नाही. बास्केटबॉलची जन्मकथा मला या संदर्भात आवडते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे कसरतींना कंटाळलेला एक वर्ग सोपवण्यात आला. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला होता. थंडीत, बंद जागेत, कोणी कोणाला आडवे पाडणार नाही असा खेळ त्याला हवा होता. त्याने सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि चेंडू हातात घेऊन धावायला बंदी केली. धावता येत नसेल तर धक्का मारून पाडण्याचे कारणच उरत नाही. वर्गात अठरा जण होते, म्हणून संघ नऊ-नऊंचे झाले. कोणी बाकावर बसले नाही. पुढे खेळ शहाणा झाला, संघ पाचांचे झाले आणि बाक आले.

नाट्याच्या बाबतीत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या शाळांचा दाखला नेहमी दिला जातो. त्यांच्या १५९९ सालच्या शिक्षणसंहितेत नाटके लॅटिनमध्येच असावीत, क्वचितच व्हावीत, विषय पवित्र असावा आणि रंगमंचावर स्त्रीवेश नसावा, असे बजावलेले आहे. ‘क्वचितच’ हा शब्द कोणी फारसा मनावर घेतला नाही, आणि मोलिएर, कोर्नेय, व्होल्तेअर हे तिघेही फ्रेंच नाटककार जेझुइट शाळांत शिकले. पण आम्हाला मोलिएर घडवायचा नसतो. लोकांसमोर उभे राहून शेवटच्या रांगेपर्यंत एक वाक्य पोचवणे सर्वांना यावे, एवढेच पुरे असते, आणि त्यासाठी भपकेबाज पोशाखांपेक्षा प्रत्येकाला दोन तरी वाक्ये असणारी संहिता जास्त उपयोगी पडते.

चित्रकलेविषयी एकच तक्रार नोंदवते. नोहाच्या तारवाचे छापील चित्र रंगवायला देणे म्हणजे चित्रकला नव्हे. त्यातून मूल रेघेच्या आत राहायला शिकते, पाहायला शिकत नाही. त्यापेक्षा मुलासमोर त्याचाच एक बूट ठेवावा आणि पंचवीस मिनिटे तो बूट काढायला सांगावे. नाडीच्या भोकांपाशी आले की सगळी मुले गप्प होतात. ग्रंथालयाबद्दल माझी काही तक्रार नाही, फक्त शिक्षा म्हणून किंवा सुटका म्हणून मुलांना तिथे पाठवू नये.

अन्य धर्मांच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतली मुलेही या शाळांत असतात, आणि गायनाचा बहुतेक साठा स्तोत्रांचा असतो. पालकांनी हे टेबलापाशीच विचारावे आणि शाळेने स्पष्ट सांगावे. नंतर कुजबुज नको. मी स्वतः संगीताच्या तासाला स्तोत्र हे गाणे म्हणून शिकवते, प्रार्थना म्हणून म्हणवून घेत नाही. प्रार्थनेची जागा उपासनेत आहे, आणि तिथे गप्प उभे राहण्याची मुभा असावी असे माझे मत आहे. हे सर्व सहकाऱ्यांना पटते असे नाही. न पटणाऱ्या एका मनाने गाणे आणि सुराला न जमणाऱ्या एका गळ्याने गप्प राहणे यांत मला दुसऱ्याची चिंता जास्त वाटते, कारण पहिल्याबद्दल घरी निदान बोलले जाते.

या वर्षीच्या वेळापत्रकात सातवीची दुसरी संगीत तासिका शुक्रवारी शेवटची आली आहे. मुले दमलेली असतात, दप्तरे आधीच भरून ठेवलेली असतात, बाहेर बसगाड्या येऊन उभ्या राहिल्याचा आवाज येतो. सहकाऱ्यांनी माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. ती तासिका मी मागून घेतली आहे, हे मी कोणाला सांगितले नाही. शुक्रवारचा शेवटचा तास गणितालाही नको असतो.